कानामागचे दोन दाणे

पू पाहून नाक मुरडणाऱ्यांचा मला अजूनही राग येतो. पू म्हणजे घाण नव्हे. जखमेतून आत घुसलेल्या जंतूंना गिळता गिळता जागच्या जागी मेलेल्या पांढऱ्या पेशींचा तो खच असतो. त्यांच्या जिवावर आपण जगतो आणि वर त्यांनाच शी म्हणतो. रायपूरच्या एका खासगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी नोकरीची सगळी वर्षं मायक्रोस्कोपला डोळा लावून काढली, त्यामुळे माणसांपेक्षा पेशींची बाजू घ्यायची मला सवयच लागली आहे. घरचे म्हणत, हिचं डोकं लॅबमध्येच राहतं. राहू दे. तिथे निदान कुणी थापा मारत नव्हतं.

रक्ताचा थेंब काचेवर ओढायचा, वाळला की त्यावर जांभळा रंग ओतायचा, धुवायचा आणि तेलाचा थेंब टाकून भिंगाखाली धरायचा. मग लाल पेशींच्या गर्दीतून पांढऱ्या पेशी उठून दिसतात. सगळ्यात जास्त असते न्यूट्रोफिल. तिचं केंद्रक तुकड्यातुकड्यांचं, बारीक दोऱ्याने जोडल्यासारखं. हाडांच्या आतल्या मगजात जन्मते, फार जगत नाही, आणि तेवढ्यातही कुठे काही टोचलं की धावत जाऊन मरायला तयार. पू होतो तो हिचाच. इओसिनोफिल नारिंगी दाण्यांनी ठासून भरलेली. पोटात जंत झालेल्या लेकरांच्या रक्तात ती हमखास भेटायची. बेसोफिल क्वचितच दिसते, म्हणून दिसली की मी शेजारच्या टेबलावरच्या मुलीला हाक मारून दाखवायची. मोनोसाइट मोठी आणि संथ. ती रक्तातून बाहेर पडून अवयवांमध्ये मुक्काम ठोकते आणि तिथे तिचं नाव होतं मॅक्रोफेज, म्हणजे खादाड. शहराजवळच्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमधल्या कामगारांचे बेडके तपासायला यायचे, त्यात या पेशी पोटात काळे ठिपके घेऊन बसलेल्या दिसायच्या. श्वासातून गेलेली धूळ त्यांनी गिळलेली असे. ती पचत नाही आणि टाकताही येत नाही, तरी त्या ती माणसाच्या वाट्याला जाऊ देत नाहीत. अशी एक स्लाइड पाहत मी इतका वेळ बसले की डॉक्टरसाहेब ओरडले होते.

लिंफोसाइट मात्र तोंडाला कुलूप लावून बसते. गोल जांभळं केंद्रक, भोवती आकाशी रंगाची बारीकशी किनार, बस्स. तिच्यात दोन जाती आहेत. बी जातीची पेशी जंतूला धरणारी प्रतिपिंडं बनवते. टी जातीची, छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत तालीम घेऊन आलेली, बिघडलेल्या पेशी ओळखून मारते आणि बाकीच्यांना कामाला लावते. भिंगाखाली पाहाल तर दोघी जुळ्या बहिणी. लढाई संपली की यांच्यातल्या बहुतेक मरतात, पण काही उरतात आणि त्या एकाच जंतूची ओळख धरून वर्षानुवर्षं अंगात फिरत राहतात. त्यांना स्मृतिपेशी म्हणतात. तोच जंतू परत आला की त्या त्याला दारातच गाठतात. हे पहिल्यांदा शिकले तेव्हा मी इतकी हरखले होते की घरी येऊन आईला स्वयंपाकघरात गाठून सांगितलं होतं. आई म्हणाली, "बरं झालं. कोणी तरी ध्यानात ठेवते म्हणायचं."

आई तशी पेशींच्या भानगडीत पडणारी बाई नव्हती, पण शरीराकडे तिचं लक्ष फार. लहानपणी पायात काटा रुतला आणि मी तो लपवला तरी तिला कळायचं. रात्री पांघरूण घालताना ती जांघेत चाचपायची आणि म्हणायची, "अवधाण आलं हिले. पाय दाखव." जांघेत किंवा काखेत उठणाऱ्या त्या दुखऱ्या गाठीला अवधाण म्हणतात. पुढे मी शिकले की तिथे लसिका ग्रंथी असतात, पायाकडून वर येणारे जंतू त्या अडवून धरतात आणि लिंफोसाइटांची फौज तिथेच वाढते म्हणून गाठ फुगते. पुस्तकातला तो धडा मला एकदम ओळखीचा वाटला होता.

आता जी गोष्ट सांगायची आहे ती छत्तीसगढचं नवीन राज्य झालं त्या सुमाराची. रायपूर रातोरात राजधानी झालं होतं. भोपाळहून साहेब लोक येऊन राहिले होते, लाल दिव्याच्या गाड्या गोल बाजाराच्या तोंडाशी अडकून पडायच्या, आणि जो तो दुसऱ्याला विचारायचा की आता आपलं काय होणार. आमच्या लॅबमध्येही राजधानीला शोभेल असं पेशी मोजायचं नवं मशीन आलं. ते आकडे फटाफट द्यायचं, पण पेशीचं तोंडही न पाहता. माझं आणि त्याचं कधी जमलं नाही.

वडील रेल्वेत गार्ड होते. आमचं मूळ घर वर्ध्याकडचं, पण वडिलांची नोकरी रायपुरात झाली आणि निवृत्तीनंतर त्यांनी पुरानी बस्तीच्या एका गल्लीत घर घेतलं. मी लग्न केलं नाही, आईवडिलांजवळच राहिले. धाकटी बहीण भिलाईत दिलेली. तिची दोन बाळंतपणं अर्ध्यातच गेली होती. तिसऱ्या वेळी मात्र सातवा महिना लागला, आणि आम्ही तिला माहेरी आणलं. घरात कुणी मोठ्याने शिंकायचं नाही अशी अवस्था होती.

आणि त्याच वर्षी आईची आठवण जायला लागली होती. आधी डाळीत मीठ दोनदा पडायचं. मग मला बहिणीच्या नावाने हाक. मग एकदा देवळातून परत येताना स्वतःचीच गल्ली सापडेना. वडील चिडायचे. मला वाटतं, ते घाबरले होते, आणि घाबरलेल्या पुरुषांना चिडण्यापलीकडे दुसरं काही येत नाही.

बहिणीचं डोहाळजेवण आईने हौसेने केलं. गाणी तिला सगळी पाठ होती, त्यातला एक शब्द चुकला नाही. ओटी भरून झाली की आमच्याकडे गरोदर बाईच्या मांडीवर एखादं गुटगुटीत लेकरू बसवतात, तसंच निरोगी बाळ व्हावं म्हणून. आईने शेजारच्या छत्तीसगढी घरातली लहानगी आणली आणि बहिणीच्या मांडीवर ठेवली. पोरगी किरकिरत होती. बहिणीने तिला उराशी धरलं, मुके घेतले, आपल्या ताटातला लाडू भरवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारीण फाटकाबाहेर उभी राहिली. आत येईना. तिच्या दाराला कडुनिंबाची डहाळी बांधलेली मला तिथूनच दिसली.

"दीदी, नोनी ला माता आय हे," ती म्हणाली. "काली कुछू नइ रिहिस."

नोनी म्हणजे तिची लहानगी, आणि माता म्हणजे कांजिण्या. काल अंगावर काही नव्हतं हे खरंच होतं, आणि तेच वाईट होतं. दाणे उठायच्या आधीपासूनच ही लागण पसरते. लहान लेकराला कांजिण्या आठवडाभर खाजवून सोडतात. गरोदर बाईला झाल्या तर तिच्या फुप्फुसापर्यंत जातात आणि पोटातल्या जिवालाही धोका होतो. मी मान डोलावत त्या बिचारीला "हव, हव" म्हणून परत पाठवलं आणि बहिणीला घेऊन तशीच डॉक्टरीणबाईंकडे गेले.

त्यांनी एकच विचारलं, "बचपन में हुआ था क्या? हुआ था तो घर जाके आराम से सो जाओ. नहीं हुआ तो मुझे जल्दी बताना."

बालपणी कांजिण्या झाल्या असतील तर बहिणीच्या अंगात स्मृतिपेशी असतील आणि त्या बघून घेतील. नसतील, तर एक इंजेक्शन होतं. इतरांच्या रक्तातून काढलेली तयार प्रतिपिंडं, म्हणजे उसनी मदत. ते रायपुरात मिळत नव्हतं, आणि उशीर झाला तर त्याचा उपयोगही नव्हता. भिलाईहून जावई मुंबई-दिल्लीला फोन लावत बसले. इकडे सगळं एका प्रश्नावर अडलं. तिला झाल्या होत्या का?

मला झाल्या होत्या, हे सगळ्यांना आठवत होतं. मी तेव्हा पहिलीत होते आणि बहीण अंगावर पीत होती.

"तिलेही आली होती," आई म्हणाली. "हिच्यासंगच. मी सांगून राहिली न."

"काही नाही आली," वडील म्हणाले. "ते घामोळं होतं. उन्हाळ्याचे दिवस होते, क्वार्टरात पंखा नव्हता. मले चांगलं आठवते."

"कानामागं दोन दाणे होते. डाव्या कानामागं. अन् काखेत एक. मी रोज सकाळी कान वाकवून पाहत होती."

"कोणाच्या कानामागं? हिच्या का तिच्या?"

आईने माझ्याकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं, आणि तिची नजर मधेच कुठेतरी विझली. "कोणाच्या म्हणजे," ती पुटपुटली, "लेकराच्या."

"सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही अन् म्हणे दोन दाणे," वडील म्हणाले आणि उठून अंगणात गेले.

मला आईचं खोटं वाटत नव्हतं. तान्ह्या बाळाच्या अंगात आईकडून आलेली प्रतिपिंडं काही महिने टिकतात. तेवढ्या काळात कांजिण्या झाल्याच तर अशाच होतात, दोन-तीन दाणे, कुणाच्या लक्षातही न येणारे. पण घामोळंही तसंच दिसतं. आणि जिचा भरवसा धरायचा तिला काल संध्याकाळी मी कोण ते सांगावं लागलं होतं.

मी बहिणीचं रक्त घेऊन लॅबमध्ये गेले. काही उपयोग नाही हे माहीत असूनही एक थेंब काचेवर ओढला, रंगवला आणि पाहिला. लिंफोसाइट होत्या, भरपूर होत्या. गोल, जांभळ्या, एकीसारखी एक. यांच्यातली एखादी सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांपूर्वीचा तो उन्हाळा धरून बसलेली असेल किंवा नसेलही. जन्मभर ज्यांची बाजू घेतली त्यांनी त्या दिवशी मला साधी मान हलवून हो-नाही सांगितलं नाही. मला भयंकर राग आला.

प्रतिपिंडांची तपासणी तेव्हा आमच्याकडे होत नव्हती, नागपूरला व्हायची. कुरिअरवर माझा विश्वास नव्हता आणि वडिलांचा तर मुळीच नव्हता. रेल्वेच्या घरांचं आपलं एक टपाल असतं. लोणचं असो, औषध असो, लग्नाची साडी असो, गाडीच्या गार्डाकडे द्यायची, आणि पुढच्या स्टेशनावर घरचा माणूस उभा असतो. मी रक्त यंत्रात फिरवून वरचं पिवळसर पाणी वेगळं केलं, नळी बुचाने घट्ट बंद केली आणि वडिलांच्या ड्यूटीच्या थर्मासात बर्फ घालून त्यात ठेवली. नागपूरला मामा स्टेशनवर येणार होते. वडिलांनी पांढरा शर्ट घातला, बूट चढवले, थर्मास स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवून ते छत्री शोधायला गेले. मी लॅबमध्ये परतले.

पाऊण तासाने स्टेशनवरून त्यांचा फोन आला. आवाज विचित्र होता.

"थर्मास गरम लागून राहिला," ते म्हणाले. "उघडून पाहिला. चहा आहे यात."

शर्ट घातलेला नवरा, दारातले बूट, ओट्यावरचा थर्मास. आईने आयुष्यभर जे केलं होतं तेच केलं होतं. बर्फ मोरीत ओतला, आलं घालून चहा भरला, बूच लावलं. मी धावत घरी गेले. नळी मला अंगणातल्या मोरीच्या कडेला सापडली, बुचासकट, उन्हात तापलेल्या फरशीवर. आई शेजारीच तांदूळ निवडत बसली होती.

"बाबा ड्यूटीवर गेले," तिने मला सांगितलं. "उद्या येतीन."

मी नळी उचलून घेतली. तिच्या हातांनी त्यांचं काम चोख केलं होतं. वडील मात्र घरी आले ते दाणदाण पाय आपटत. "आता बोल," ते मला म्हणाले, "आता ठेव इच्या दोन दाण्यांवर भरवसा."

बहिणीने पुन्हा हात पुढे केला. मी दंडाला पट्टा बांधला आणि सुई घातली. ती म्हणाली, "छोड़ ना ताई, टेंशन मत ले. आई बोल रही है तो हुआ होगा." तिला खरोखर भीती वाटत नव्हती की ती माझ्यासाठी तसं म्हणत होती, हे मला तेव्हा कळलं नाही. पण मी तिच्याएवढं धीराचं माणूस पाहिलेलं नाही. दोन लेकरं गमावलेली बाई होती ती.

दुसरी नळी मीच स्टेशनवर नेली आणि गार्डाच्या हातात दिली. तो वडिलांच्या हाताखाली शिकलेला होता. त्याने थर्मास आपल्या काळ्या पेटीवर बसवला, दोरीने बांधला आणि झेंडी दाखवली. जावयांना इंजेक्शन अजून मिळालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मामांचा फोन आला. मी रिसीव्हर उचलला आणि वडील शेजारी येऊन उभे राहिले, बहीण पलंगावर उठून बसली.

"आहे व," मामा ओरडले. "पॉझिटिव्ह आहे. जुनी प्रतिपिंडं आहेत म्हणते इथले डॉक्टर, चांगली भरपूर. कधीची झालेली आहे म्हणते."

मी त्यांना दोनदा वाचून दाखवायला लावलं. दोन-चार दिवसांपूर्वीच्या लागणीची प्रतिपिंडं इतक्यात तयार होत नाहीत, आणि होतात तेव्हा आधी वेगळ्या जातीची होतात. ही जुनीच होती. बहिणीने दोन्ही हात पोटावर ठेवले आणि ती हमसाहमशी रडली, तेव्हा कळलं की ती किती घाबरलेली होती. मीही रडले. मला लाज वाटली नाही.

वडील हळूच आईजवळ जाऊन बसले. त्या दोघांच्या चाळीस वर्षांच्या संसारात मी त्यांना असं बसलेलं क्वचित पाहिलं असेल.

"तुहंच खरं निघालं," ते म्हणाले.

"काय खरं?"

"पोट्टीले माता आली होती. तू सांगून राहिली होती न."

"कोणत्या पोट्टीले?" आईने विचारलं. "काहून? कोण आजारी आहे?"

वडिलांनी मान खाली घातली. मी स्वयंपाकघरात गेले आणि उगीच भांडी हलवत उभी राहिले. एका बाईच्या डोक्यातून एकेक गोष्ट निसटत चालली होती, आणि तिने पाहिलेले दोन दाणे तिच्या लेकीच्या रक्तात, गाठींत, हाडांच्या मगजात जसेच्या तसे ठेवलेले होते. ते दोनच का उठले, तर तिचीच प्रतिपिंडं तेव्हा लेकराच्या अंगात होती म्हणून. आता तीच ओळख बहिणीकडून नाळेतून पुढे जात होती, जो जीव अजून जगात आलाही नव्हता त्याच्याकडे. मी हे सगळं शिकलेली होते, परीक्षेत लिहिलेलं होतं. तरी त्या संध्याकाळी ओट्याला धरून उभं असताना मला ते पहिल्यांदा कळलं, आणि त्या मुक्या जांभळ्या पेशींवरचा माझा राग गेला.

बहिणीला कांजिण्या झाल्या नाहीत. शेजारची नोनी बरी झाली, तिच्या आईने शीतला मातेला हळद-पाणी चढवलं आणि आमच्याकडे प्रसाद आणून दिला. पुढे दिवस भरल्यावर बहिणीला मुलगी झाली. तोवर आई बरीच लांब गेली होती. घरात पाळणा कशाला आला आहे हे तिला रोज सांगावं लागायचं. बाळ कुणाचं, असं ती आल्यागेल्याला विचारायची.

बारशाच्या आदल्या दिवशी सकाळी बहिणीने बाळाला आईच्या मांडीवर ठेवलं. मी शेजारीच बसले, आई विसरून उठली तर बाळ पडायला नको म्हणून. आईने लंगोट चाचपला, पायाची बोटं पाहिली. मग एका बोटाने तिने बाळाचा डावा कान हलकेच वाकवला आणि वाकून मागे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. तिथे काही नव्हतं.

मग तिने मान वर केली आणि बहिणीला खूण करून जवळ बोलावलं. बहीण समोर बसली, तिने डोकं पुढे केलं. आईने तिचे केस बाजूला सारले आणि डावा कान वाकवला.

"इथं होते," आई म्हणाली.